राहिलेलं चार बोटं कापड

पुण्याला परतले तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे होते. दार उघडताच आईने विचारलं, "कावीळ?" मी म्हटलं, "पळस." तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही, आणि मला त्याहून जास्त सांगता येईना. तोंडाने सांगणं मला जमतच नाही. सगळं शिक्षण इंग्रजीत झाल्यामुळे मराठी वाक्य मी आधी मनात जुळवून बघते, आणि तोवर समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. कागद कुठे जात नाही. म्हणून आईसाठी, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचं नाव फक्त बातम्यांत ऐकलेल्या सगळ्यांसाठी, हे लिहिते आहे.

जायचं कारण एक बंडी. माझी मावशी चंद्रपूरला नोकरीला आहे. दिवाळीला येताना तिने माझ्यासाठी कोशाच्या कापडाची बिनबाह्यांची बंडी आणली. कोसा म्हणजे जंगलातल्या ऐनाच्या झाडावर होणारं रेशीम. पण हे कापड लग्नातल्या रेशमासारखं चमकत नव्हतं. रंग मधासारखा, धागा कुठे जाड, कुठे बारीक. मी बंडी उलटी केली, तर आतली बाजूही बाहेरच्याइतकीच स्वच्छ. बटणंही कापडाचीच, गाठ वळून केलेली. मावशी म्हणाली, "पोंभुर्ण्याची परवीनबाजी बनवते. एकटीच. मशीन लावत नाही." परीक्षा झाली होती, पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं आणि घरात रोज तोच विषय निघत होता. फेब्रुवारी संपता संपता मी मावशीकडे गेले आणि तिथून पोंभुर्ण्याच्या एसटीत बसले.

पोंभुर्णा

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. एकही पान नाही, नुसती शेंदरी फुलं. आमच्याकडे रस्त्याकडेचा गुलमोहर कुणीतरी लावलेला असतो. इथे कुणी काही लावलेलं दिसत नव्हतं.

परवीनबाजींचं घर मशिदीमागच्या गल्लीत. अंगणात चुलीवर मोठं पातेलं उकळत होतं आणि त्यात तीच फुलं होती. बाजी चाळिशीच्या, उंच, तोंडात सुपारी. मी मावशीचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्या अंगातली बंडी पाहिली, जवळ आल्या आणि काही न बोलता खांद्यावरची शिवण दोन बोटांनी ताणून बघितली.

"टिकली," त्या म्हणाल्या. "तू कोण, थे नंतर सांग. आधी हे पकड."

अंगणात चटईवर एक रजई अर्धी शिवून पसरलेली होती. बाजी उरलेलं एकही कातरण टाकत नाहीत. मोठ्या तुकड्यांची रजई होते, लहानांची बटणं आणि नाड्या. ऊन सरकलं की शेजारच्या बायका येतात, रजईचे चार कोपरे धरतात आणि टाके, सुया, सगळं जसंच्या तसं ठेवून ती सावलीत नेतात. त्या दिवशी एक बाई कमी होती, म्हणून चौथा कोपरा माझ्या हातात आला.

"ताणून धर गं. ढिली सोडली तं आतला कापूस गोळा होते. अन खाली काऊन पाहून राह्यली? पाय तुझेच हायत, कुठी जात नाई."

बायका हसल्या. मीही हसले. रजई सावलीत पोचली आणि कुणी कोण कुठली म्हणून विचारायच्या आतच मी त्या घरातली झाले.

मग त्यांनी पेटी उघडून दाखवली. फुलपाखरू भोक पाडून निघून गेलं की मागे रिकामा कोसा उरतो. त्या तो घेतात. किडा आत असताना उकळलेला कोसा त्यांना नको असतो. फुटक्या कोशाचा सलग धागा निघत नाही. गल्लीतल्या बायका तो मांडीवर वळून सूत काढतात. ते सूत आरमोरीचे मारोतीबाबा विणतात. रंग पळसाचा, हिरड्याचा, लाखेचा. शिलाई बाजींची. "मी बनवते म्हणतात लोक," बाजी म्हणाल्या. "मी तं फक्त शेवटचा हात आहे."

पेटीत मात्र कापड फारसं नव्हतं. एका बंडीपुरतं, फार तर दीड.

"दिवाळीपासून कापडाचं थान आलं नाई," त्या म्हणाल्या. "कंडक्टरच्या हातून निरोप पाठवला. उत्तर येते, चार बोटं राह्यलं. मग पुन्हा निरोप. पुन्हा चार बोटं. अशी कोणती चार बोटं हायत बापा, की होऊनच नाई राह्यली?"

"दुसरा कुणी विणणारा...?" मी विचारलं. मी त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न.

"बाकी सारे गिरणीचं सूत लावतात. हे सूत तुटते, केसासारखा रोवा सोडते, कोणाले परवडत नाई. मारोतीभाऊचा माग बंद झाला तं माझी सुई बंद. मग गल्लीत येते तसं नायलॉनचं ब्लाऊज शिवत बसीन, अजून काय? उद्या मी आरमोरीले चालली. येतं का तू?"

जेवायला लाखोळीची डाळ, भात आणि वाळलेल्या झिंग्यांची चटणी. पोळी किंवा भाकरी येईल म्हणून मी भात जरा जपून घेतला. आली नाही. या भागात भातानेच सुरुवात आणि भातानेच शेवट. बाजींच्या लक्षात आलं असावं, कारण दुसऱ्यांदा भात वाढताना त्यांनी मला विचारलंच नाही.

हात पिवळे झाले ते त्या दुपारी. रंगातलं कापड काठीने उचलायचं होतं. काठीवरून ते निसटून मातीत पडेल असं वाटलं, म्हणून मी दोन्ही हातांनी धरलं. कापड वाचलं. "चांगलं केलं," बाजी म्हणाल्या. "हात काय, धुतल्याने जाईल." महिना झाला, अजून पूर्ण गेलेलं नाही.

आरमोरी

दुसऱ्या दिवशी एसटीने मूल आणि सावली ही गावं मागे टाकली, मग वैनगंगेचा पूल. पुलावरून खाली पाहिलं तर नदीच्या पात्रात टरबुजांचे वेल लावले होते. नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवून पिशव्या पाहिल्या. बाजींच्या पिशवीत सुताच्या लडी निघाल्या. शिपायाने लडी हातात घेऊन विचारलं, "हे काय?" "तुमच्या लग्नाचा कोट," बाजी म्हणाल्या. सगळी गाडी हसली आणि शिपायाने पिशवी परत दिली. मी मात्र त्या लडींकडे बघत राहिले. भांडायला निघालेल्या बाईने पुढच्या थानाचं सूतही बरोबर घेतलं होतं.

आरमोरीत भिंतीभिंतीवर नाटकांची पोस्टरं होती. इकडे धान निघालं की गावोगाव रात्रभर नाटकं होतात. पुण्यात आम्ही नाटकाला आधी तिकीट काढून जातो आणि दहा मिनिटं उशीर झाला तर आत सोडत नाहीत, असं मी सांगितलं तेव्हा बाजी म्हणाल्या, "मग तान्ह्या लेकरांच्या बाया काय करतात?"

मारोतीबाबांचं घर रस्त्यालगत. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि समोर माग. तो खड्डा बाबांच्या वडिलांनी खणला होता. मागावर मधाच्या रंगाचं कापड ताणलेलं होतं. खरोखरच चार बोटं विणायची राहिली होती. त्याच खोलीत भिंतीवर टेलिफोनची नवी तार येऊन थांबली होती आणि कपाटावर खोका होता, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.

बाबा खाटेवर होते. बारीक अंगाचे, टोपी घातलेले. त्यांचा मुलगा दिवाकर दारात उभा होता. सून ललिता पाणी घेऊन आली आणि माझे हात बघून थांबली.

"हळद लागली का बाई? नवरदेव कुठचा?"

"पळस आहे," मी म्हटलं.

"पळसाच्या घरी दिली व्हय पोट्टी?" ती बाजींना म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

बाजी हसल्या नाहीत. त्या सरळ मागापाशी गेल्या आणि कापडावरून हात फिरवला. "मारोतीभाऊ, हे एका संध्याकाळचं काम आहे जी."

"होईल, होईल," बाबा म्हणाले. "हाताले मुंग्या येतात."

"हात तुमचा पानाले बरोबर चुना लावून राह्यला."

बाबांनी पान खाली ठेवलं. मग दिवाकर बोलला, पण बापाकडे बघून नाही. "ललिता, बाबाले विचार, चहा घ्याचा का."

"ललिता, त्याले सांग, घेतला," बाबा म्हणाले.

दोघांमध्ये चार पावलांचं अंतर होतं. ललिता कुणालाच काही न सांगता आत गेली. आम्ही दोघी तिच्या मागून स्वयंपाकघरात गेलो आणि तिथे सगळा उलगडा झाला. ती कोहळ्याची बोंडं तळत होती. हे गोड वडे तळता तळता ती हळू आवाजात बोलत राहिली.

"दिवाळीले बोलणं झालं होतं जी, बाई. यांचं फोनच्या बूथचं मंजूर झालं. दुकान लावाले रस्त्याची खोली पायजे. बाबा सोताच बोलले, हे थान उतरलं की माग काढ. आता बोलले तं बोलले. फिराचं कसं? अन माग काढाचा म्हणजे सारे धागे तोडा लागते. आमच्यात माग रिकामा ठेवत नाई. थान कापलं तरी धाग्यांची टोकं फणीत ठेवाची अन नव्या सुताले गाठ माराची. यांच्या आज्यापासून गाठीवर गाठ चालून राह्यली. म्हणून बाबा रोज सकाळी आंघोळ करते, मागावर बसते, एक धोटा टाकते, हात जोडते अन उठते."

"एक?" बाजी म्हणाल्या.

"एक. दुसरा नाई."

धोट्याची एक फेरी म्हणजे कापडात एकच आडवा धागा. बाजी बोंड हातात धरून हिशोब करत राहिल्या. "असं तं पोळा येईल!"

"अन दिवाकर? तो काही म्हणत नाई?" त्यांनी विचारलं.

"हे रोज खोका पुसून ठेवतात," ललिता म्हणाली.

मी गरम बोंड तोंडात घातलं होतं. जीभ भाजली, पण ओरडता येईना. बाहेर बाप आणि लेक एकमेकांकडे न बघता बसले होते. एकाला दिलेला शब्द मोडायचा नव्हता आणि दुसऱ्याला तो पाळून घ्यायचा नव्हता. बाजींना कापड हवं होतं, पण कापड उतरलं की माग निघणार होता. म्हणजे आज थान हातात आलं असतं तर ते शेवटचंच. मला वाटलं, आता आपण रिकाम्या हातानेच परत जाणार.

बाजी उठल्या, मागच्या दाराने सांदवाडीत गेल्या. घरामागच्या भाजीच्या वाफ्यांना इकडे सांदवाडी म्हणतात. एका बाजूला गोठ्याचं छप्पर होतं, खाली रिकामं. बैल विकले होते. बाजींनी पायाने जमीन ठोकून पाहिली.

"दिवाकर!" त्यांनी हाक मारली. "इथी खड्डा खणाले किती वेळ लागते?"

दिवाकर आला. "खड्डा खणीन बाजी, तासाभरात खणीन. पण माग आणाचा तं धागे तोडाच लागते. मधलं दार पाह्यलं ना? तिथी वळण आहे. ताणलेले धागे वळत नाई."

"तोडाचे कायले? ताणलेलेच आणाचे. चार जणांनी धरून. आम्ही रजई नाई का नेत?"

हे बाबांना ऐकू गेलं होतं. ते खाटेवरून उठून मागच्या दारात आले. "माग म्हणजे गोधडी होय काय, परवीनबाई?"

"गोधडीहून सोपा. याच्यात कापूस नाई."

"अन दारातून कसा काढाल?"

"दारातून कोण नेते? समोरून काढू. रस्त्याने फिरवून मागच्या गल्लीतून आणू."

बाबा छपराखाली जाऊन उभे राहिले. मग, दिवाळीनंतर बहुधा पहिल्यांदा, ते ललिताला मध्ये न घेता बोलले. "दिवाकर, खड्डा माझ्या मांडीइतका खोल पायजे. जास्त नाई."

"हो जी, बाबा," दिवाकर म्हणाला आणि कुदळ आणायला पळाला.

रस्ता

खड्डा झाल्यावर कापड गुंडाळलेला पुढचा रूळ एका बाजूने बाबांनी धरला, दुसऱ्या बाजूने बाजींनी. उभे धागे जिथे संपतात ती मागची काठी दिवाकरकडे आणि तिचं दुसरं टोक माझ्याकडे. मधे फणी दोन्ही हातांवर तोलून ललिता. धागे उरले होते ते जेमतेम आमच्या मधल्या अंतराएवढे. पुढचे पुढे ओढणार, मागचे मागे ओढणार आणि तरी सगळ्यांनी एकाच दिशेने चालायचं.

मला माणसांसमोर चालायला आवडत नाही. लग्नात मी भिंतीच्या कडेने जाते. आणि इथे भर दुपारी, आरमोरीच्या रस्त्यावर, पिवळ्या हातांनी, माझ्या काठीवर शेकडो धागे. काठी सोडून तोंड लपवायची सोय नव्हती.

"ढिलं नको सोडू पोरी!" पुढून बाबा ओरडले.

"ती नाई सोडत," बाजी ओरडल्या. "रजई उचलली तिनं!"

पिठाच्या गिरणीवरची रांग मोडून बाहेर आली. "काय जी मारोतीभाऊ, मागाची वरात?" एकाने विचारलं.

"वरातच," बाबा म्हणाले. "घरजावई करून राह्यलो मागाले."

नाटकाची जाहिरात करणारी जीप समोरून आली. कर्णा जोरात चालू होता. ड्रायव्हरने आम्हाला पाहिलं आणि गाडी थांबवून कर्णा बंद केला. एवढ्या वेळात पहिल्यांदा सगळं शांत झालं. वळणावर बाबांनी हळूहळू पावलं टाकली, दिवाकर बाहेरच्या बाजूने मोठा फेर घेत आला आणि मी आतल्या बाजूला जवळजवळ जागेवरच फिरले. एक धागा टण्‌कन तुटला. आम्ही पाचही जण थांबलो.

"किती?" बाबांनी मागे न बघता विचारलं.

"एकच," दिवाकर म्हणाला. "बाबा, एकच."

"मग चाला. एकाची गाठ मारता येते."

गल्लीत शिरल्यावर एक म्हातारी बाई ओसरीवरून उतरली आणि आमच्या पुढे चालत रस्त्यातली कोंबडी हाकलत राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. छपराखाली पोचलो तेव्हा माझे खांदे भरून आले होते आणि आपण एवढा सगळा रस्ता मान वर करून चाललो, हे मला तिथे कळलं. धाग्यांवर लक्ष ठेवायचं तर खाली बघता येत नव्हतं.

माग नव्या खड्ड्यावर बसवायला दुपार गेली. मग बाबांनी पाय धुतले, आत सोडले, तुटलेल्या धाग्याला गाठ मारली आणि धोटा टाकला. एक. आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी हात जोडले. बाबांनी दुसरा टाकला. मग तिसरा. मग आवाज सलग झाला आणि आम्ही मोजणं सोडलं.

ऊन गोठ्याच्या भिंतीवरून उतरायच्या आत चार बोटं विणून झाली. बाबांनी फणीच्या अलीकडे कात्री लावली. कापड सुटलं आणि पलीकडे फणीतून धाग्यांची टोकं झालरीसारखी लोंबत राहिली. बाजींनी पिशवीतून लडी काढून ललिताच्या मांडीवर ठेवल्या. नव्या सुताचा ताणा लावून त्या टोकांना गाठी मारायला पुढे बरेच दिवस लागणार होते. थान हातात घेऊन बाजींनी ते आधी नाकाशी नेलं. मी विचारलं, कसला वास?

"मारोतीभाऊच्या पानाचा," त्या म्हणाल्या. "पहिल्या धुण्यात जाईल."

तोवर पुढच्या खोलीत दिवाकरने खोका उघडला होता.

पुण्याहून

या महिनाभरात मी एक गोष्ट केली. मावशीकडून दिवाकरच्या बूथचा नंबर मिळवला. अनोळखी घरी फोन करायचा म्हणजे मी आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवते. या वेळीही लिहिलं होतं: मी बाजींकडे शिवण शिकायला येणार आहे, आईला सांगून झालं आहे, बाजींना कंडक्टरकडून निरोप द्यावा.

दिवाकरने उचलला. मी कागद वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. त्याच्या आवाजामागून माग ऐकू येत होता. पण तो मला आठवत होता तसा नव्हता. खट, मग मोठा खंड, मग घाईघाईने दोन, मग पुन्हा काही नाही.

"बाबांना बरं नाही का?" मी विचारलं.

"बाबा एकदम ठीक हायत. थे बाबा नाई," दिवाकर म्हणाला. "थांबा, ऐकवतो."

त्याने रिसीव्हर मागच्या दाराकडे धरला असावा. खट. मग खंड. मग दुरून बाबांचा आवाज आला, कुरकुरता, कौतुकाचा, थेट मागावर बसलेल्या माणसाशी बोलणारा. "घाई काऊन करतं, ललिता? कोणती गाडी सुटून राह्यली?"

खट.

मी कागद बाजूला ठेवला आणि ऐकत राहिले.